पलीकडच्या काठावरची आई

केळ्यांचा अख्खा घड खांद्यावर घेऊन तो मुलगा आमच्यापुढे चढत होता. पंचविशीचा असेल. वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. मागून हातात पितळी तबक घेतलेली एक पोक्त बाई. त्याची आई असेल किंवा सासू. वीस-पंचवीस पायऱ्या झाल्या की तो थांबायचा, घड या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचा आणि पुन्हा निघायचा. नैवेद्याला एवढी केळी कशाला, असं मी यांना विचारलं. यांना दम लागला होता. नुसती मान हलवून हे कठड्याला टेकले.

२०२३च्या जानेवारीत, पोंगल होऊन आठवडा झाला होता तेव्हा, आम्ही तिरुचिरापल्लीला होतो. तिथली माणसं त्रिची म्हणतात. खरं तर आम्ही तंजावरसाठी निघालो होतो. सांगलीच्या माणसाला तंजावर म्हटलं की भोसल्यांचं राज्य आठवतं, सरफोजीराजे आठवतात. बृहदीश्वराच्या आवारात त्यांनी १८०३ साली भिंतीवर कोरून घेतलेला मराठी लेख यांना डोळ्यांनी पाहायचा होता. तो पाहून झाला. परतीच्या गाडीला दीड दिवस होता, म्हणून त्रिचीचा हा खडक. इतक्या सहज मी त्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले.

सपाट शहराच्या ऐन मध्यात हा एकच खडक उठलेला आहे, ८३ मीटर उंच. आपल्याकडे डोंगराला आधी पायथ्याची उतरण असते, झाडी असते, वळणं असतात. मिरजेजवळच्या दंडोबाला जायचं तर डोंगर आधी दुरून दिसतो, मग हळूहळू जवळ येतो. इथे तसं काही नाही. स्टीलच्या भांड्यांची, बांगड्यांची, गजऱ्यांची दुकानं ओलांडत गर्दीच्या गल्लीतून जावं आणि दोन दुकानांच्या मध्ये अचानक देवळाचं दार यावं. वर पाहावं तर खडक दिसतच नाही, इतके आपण त्याच्या पोटाशी आलेलो असतो. चपला ठेवल्या, पायथ्याच्या माणिक्क विनायकाला हात जोडले आणि चढायला लागलो. पायऱ्या चारशेच्या वर आहेत, पण बऱ्याचशा आतून, खडकातून कोरत नेलेल्या. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तांबडे-पांढरे उभे पट्टे. बाहेर ऊन चढलेलं असूनही पावलांखालचा दगड गार होता. गुडघ्यांचं दुखणं असलेल्या माणसाला तो गारवा फार बरा वाटतो.

मधल्या टप्प्यावर शंकराचं मोठं देऊळ आहे. त्या मुलानं घड तिथे उतरवला. पुजाऱ्यानं तो आत घेतला. मुलगा हात जोडून उभा राहिला आणि त्या पोक्त बाईनं डोळ्यांना पदर लावला. तेव्हा मात्र मला राहवेना. शेजारी खांबाला टेकून एक वयस्क गृहस्थ बसले होते. पोन्मलैच्या रेल्वे कारखान्यात नोकरी झालेली, काही वर्षं उत्तरेकडे काढलेली, त्यामुळे कामापुरतं हिंदी येत होतं. मी त्यांना केळ्यांचं विचारलं.

"डिलिव्हरी," ते म्हणाले. "बायको, बच्चा, दोनों ठीक. इसलिए."

इथली बाई गरोदर राहिली की घरची माणसं या देवाला नवस बोलतात, आणि सुखरूप सुटका झाली की केळ्यांचा घड आणून वाहतात. या देवाचं नाव तायुमानवर. त्यांनी ते नाव मला बोटांवर फोडून सांगितलं. ताय् म्हणजे आई. उम् म्हणजे सुद्धा. आनवर म्हणजे झालेला. आईसुद्धा झालेला. संस्कृतात याला मातृभूतेश्वर म्हणतात, पण त्या नावात ते 'सुद्धा' नाही. मला त्या एवढ्याशा 'उम्'नं धरून ठेवलं. बाप तर तो होताच, संहारकर्ता होता, स्मशानात राहणारा होता, डोक्यावर नदी घेऊन बसलेला होता. आणि शिवाय आईसुद्धा.

मग त्यांनी गोष्ट सांगितली. रत्नावती नावाची एका व्यापाऱ्याची मुलगी इथे त्रिचीला दिलेली. दिवस भरत आले तसा तिनं आईला निरोप धाडला. आई निघाली. तेल, औषधं, लेकराचे कपडे, सगळं गाठोड्यात बांधून निघाली आणि कावेरीच्या काठाला येऊन पोचली. कावेरीला पूर आला होता. नाव सुटेना. पाणी आज उतरेल, उद्या उतरेल म्हणत ती पलीकडच्या काठावर अडकून पडली आणि इकडे मुलीला कळा सुरू झाल्या. मुलीनं या डोंगरावरच्या देवाचा धावा केला. तेवढ्यात दारात आई उभी. तेच गाठोडं, तोच आवाज. तिनं बाळंतपण केलं, पाणी तापवलं, बाळाला न्हाऊ घातलं, बाळंतिणीला औषध दिलं, दिवस दिवस उशाशी बसली. मग पूर ओसरला आणि खरी आई धावतपळत घरी आली. पाहते तर आत दुसरी आई. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि त्यातली एक हसून नाहीशी झाली.

सांगताना ते गृहस्थ हसत होते. ही त्यांनी शंभरदा सांगितलेली गोष्ट असणार. चैत्राच्या सुमाराला इथे मोठा उत्सव होतो, त्यात हा प्रसंग दरवर्षी करून दाखवतात, आणि बाळंतिणीचं औषध प्रसाद म्हणून वाटतात, असंही ते म्हणाले. मी ऐकत होते, पण मला पुढचं नीट ऐकू येईनासं झालं होतं. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. यांनाही तेच आठवलं होतं.

ऑगस्ट २०१९. आमचं घर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. मुलगी पुण्याला होती. जावई कंपनीच्या कामासाठी परदेशात, तिच्या सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. बाळंतपणाला मी जाणार हे ठरलेलंच होतं. तारीख वीस ऑगस्टची होती आणि माझं सात तारखेचं तिकीट. डिंकाचे लाडू झाले होते, आळीव घेतले होते, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवली होती. कुंची तर मी स्वतःच्या हातानं शिवली होती. पाऊस थांबत नव्हता. कोयनेतून पाणी सोडलं होतं. चार तारखेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं, दुसऱ्या दिवशी दारात आणि मग घरात. बाळंतविड्याची पिशवी घेऊन आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. सांगलीतून बाहेर पडायच्या वाटा एकेक करून बंद झाल्या, वीज गेली, फोनची बॅटरी आम्ही थेंबाथेंबानं वापरत होतो. आयर्विन पुलाजवळ पाणी पुढे ५७ फुटांच्या वर गेलं. २००५चा पूर पाहिलेल्यांनीही एवढं पाणी पाहिलं नव्हतं.

सहा तारखेच्या रात्री मुलीचा फोन आला. दोन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या. मी खिडकीतून खाली बघत होते. जिथे रस्ता होता तिथे काळं पाणी होतं आणि त्यात कुणाचं तरी सिलिंडर तरंगत चाललं होतं. मी म्हटलं, "घाबरू नकोस गं, येते मी." त्यावर ती काही बोलली नाही. मी येऊ शकत नाही हे आम्हां दोघींनाही माहीत होतं.

तिच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक काकू राहतात. मूळच्या सोलापूरच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तोवर त्यांची-आमची ओळख म्हणजे जिन्यात भेटलं तर हसणं, एवढीच. त्या मुलीला घेऊन दवाखान्यात गेल्या. तिथल्या सिस्टरांनी त्यांना आत बसू दिलं. रात्रभर त्या तिच्यापाशी होत्या. पहाटे बाळ झालं, मुलगी. फोन लागला तेव्हा काकूंनीच सांगितलं, "ताई, नात झाली तुम्हाला. दोघी सुखरूप आहेत." मी देवापाशी बसून रडले. वर नेलेल्या देवघरात तेव्हा निरांजन लावायला कोरडी वातही नव्हती.

मी पुण्याला पोचले ती १४ तारखेला. दार उघडंच होतं. काकू मोरीत पाटावर बसल्या होत्या, पाय लांब केलेले, आणि पायांवर माझी नात. त्या तिला आंघोळ घालत होत्या. हळद-पिठाचा हात, कोमट पाण्याची धार, कान झाकलेले, अगदी जसं करायचं तसं. मुलीच्या अंगावर शाल होती, खोलीत धुरीचा वास होता. सगळं झालेलं होतं. माझ्या हातात बाळंतविड्याची पिशवी तशीच होती आणि तिला ओलीचा वास येत होता.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, यांनाही नाही. कृतज्ञता होती, ती खूप होती. पण तिच्याआधी एक कळ आली. ती माझी जागा होती. ते पाय माझे असायला हवे होते. काकू उठल्या, बाळ माझ्या हातात दिलं आणि दहा मिनिटांत आपल्या घरी निघून गेल्या. पुढे साडेतीन वर्षं मी त्यांना दिवाळीचा फराळ पाठवला, साडी दिली, प्रत्येक वाढदिवसाला बोलावलं. पण त्यांच्यापाशी बसून त्या रात्रीबद्दल एक शब्द मी कधी विचारला नाही.

ते गृहस्थ गोष्ट सांगून थांबले होते आणि मी विचार करत होते तो पलीकडच्या काठावरच्या आईचा. गोष्टीत मुलगी आहे, देव आहे, पूर आहे. ती आई मात्र फक्त येते आणि थक्क होते. मधल्या दिवसांत तिनं काय केलं? रोज उठून पाण्याची रेघ कुठवर आली ते पाहिलं असेल. नावाड्यापाशी गयावया केली असेल. गाठोड्यातलं औषध ओलं होऊ नये म्हणून ते छातीशी धरून झोपली असेल. आणि शेवटी उंबऱ्यात पोचल्यावर, समोर आपल्यासारखीच बाई आपलं नातवंड मांडीवर घेऊन बसलेली पाहून, दर्शनाचा आनंद होण्याआधी निमिषभर तिलाही ती कळ आली असणारच. मला ते कुणी सांगायची गरज नाही.

आपल्याला देव आई होण्याचं नवल नाही. विठ्ठलाला आपण माउली म्हणतो, विठाई म्हणतो. तो जनाबाईबरोबर दळायला बसतो, सखूचं रूप घेऊन तिच्या सासरी राबतो. वारीत तर ज्याच्या त्याच्या तोंडी माउलीच असते. पाणी देणारा माउली, वाट विचारणारा माउली. तरीही बाळंतिणीच्या खोलीत, रक्तात आणि चिकात हात घालणारा देव मी पहिल्यांदाच ऐकत होते. पुजाऱ्यानं हातावर भस्म ठेवलं. गाभाऱ्यात मोठी पिंडी, समया, आणि आता तिथे टेकवून ठेवलेला तो केळ्यांचा घड. या देवाचं दार पश्चिमेला आणि ध्वजस्तंभ पाठीमागे पूर्वेला आहे. एका ऋषीच्या बागेतली शेवंतीची फुलं चोरीला गेली, राजानं न्याय दिला नाही, म्हणून देव रागावून पश्चिमेला, त्या राजाच्या उरैयूर नगराकडे वळला, अशी कथा आहे. त्यामुळे वाजंत्री अजून मागच्या बाजूला वाजतात. इतका रागीट देव, आणि पूर आला की कुणाच्या तरी घरी जाऊन पाणी तापवतो.

वर जाताना वाटेत डाव्या हाताला एक लेणं लागतं. बहुतेक लोक तिथे थांबत नाहीत, शिखरावरच्या गणपतीची घाई असते. हे थांबले म्हणून मीही थांबले. पल्लव राजा पहिला महेंद्रवर्मा, त्यानं सातव्या शतकाच्या सुरुवातीला हे कोरवून घेतलं. एका भिंतीवर गंगाधर शिव आहे. एक पाय एका गणाच्या डोक्यावर, आणि एका हातानं जटेची एक बट बाजूला धरलेली. त्या बटेवर वरून गंगा उतरते आहे, हात जोडलेली, एवढीशी. किती हलक्या हातानं धरली आहे ती बट! अख्खी नदी अंगावर घ्यायची असताना त्याच्या चेहऱ्यावर ताण नाही.

बाजूच्या खांबांवर संस्कृत श्लोक आहेत. त्यांचा अर्थ यांनी आधीच वाचून ठेवला होता. देव राजाला विचारतो, जमिनीवरच्या देवळात बसून मला चोळांचं वैभव आणि कावेरी नदी दिसायची कशी? म्हणून राजा त्याला ढगांना भिडणारं हे डोंगरावरचं घर देतो. दुसऱ्या श्लोकात तर पार्वतीची काळजी आहे. याला नद्यांची भारी ओढ. डोळ्यांना सुख देणारं पाणी आणि काठच्या बागांची माळ ल्यालेली ही कावेरी दिसली की हा तिच्यावर भुलणार, या धास्तीनं हिमालयाची लेक माहेर सोडून कायमची इथे येऊन राहिली आहे आणि ही नदी पल्लवाची आहे बरं का, असं सांगते आहे, अशी कवीची कल्पना.

देवळं डोंगरावर का बांधतात याची उत्तरं आजवर मी बरीच ऐकली होती. चढताना अहंकार गळतो, एकांत मिळतो, शत्रूपासून रक्षण होतं. देवाला नदी बघायची होती, हे उत्तर मला त्या सगळ्यांपेक्षा खरं वाटलं. आणि तिथेच उभं राहून माझ्या मनात आलं, की रोज जो वरून नदीकडे बघतो, त्यालाच तर पहिल्यांदा दिसणार, की पाणी चढलं आहे आणि पलीकडच्या काठावर गाठोडं घेऊन एक बाई उभी आहे.

शिखरावर उच्चि पिळ्ळैयार, म्हणजे शेंड्यावरचा गणपती. त्याची गोष्ट आपल्या गोकर्णासारखीच. तिथे रावण आणि आत्मलिंग, इथे बिभीषण आणि रंगनाथाची मूर्ती. मुलाच्या रूपातल्या गणपतीनं मूर्ती नदीकाठी खाली टेकवली, तिथलं श्रीरंगम झालं, बिभीषण त्याच्यामागे धावत या खडकावर आला. शेवटच्या पायऱ्या उघड्यावर आहेत. वारा एवढा, की पदर दोन्ही हातांनी धरावा लागला.

आणि खाली कावेरी. अलीकडे कावेरी, पलीकडे तिचाच फाटा कोळ्ळिडम, दोघींच्या मध्ये बेटावर श्रीरंगम. त्याचं २३६ फुटांचं राजगोपुर नारळीच्या गर्दीतून वर आलेलं. १९८७ साली पुरं झालेलं हे गोपुर त्या जुन्या देवळाच्या मानानं अगदी नवं. हे मला किल्ल्याच्या भिंती दाखवत होते. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी हा किल्ला घेतला, तो ज्याच्या ताब्यात होता त्या चंदासाहेबाला कैद करून साताऱ्याला नेलं, आणि मग दोनेक वर्षं इथे मराठा सरदार मुरारराव घोरपडे होते. कृष्णाकाठच्या मुलखाकडे आणि या खडकाकडे असं जाणं-येणं आधीचंच आहे, असं यांचं म्हणणं. मी ऐकत होते, पण डोळे नदीवर होते. पात्रात मधेमधे वाळूची बेटं, कडेनं शांत वाहणारं पाणी. बघून कुणाला वाटणार नाही की हिनं कधी कुणाची वाट अडवली असेल.

खाली त्या गृहस्थांनी आणखी एक सांगितलं होतं. तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, नदीला नवं पाणी येतं तेव्हा इथल्या बायका काठावर जमतात. नदी गरोदर आहे असं मानतात आणि तिच्या डोहाळ्यांसाठी चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात, गोड भात असे भाताचे नाना प्रकार घेऊन जातात. श्रीरंगमचा देव तिचा भाऊ, तो तिला साडी-चोळी पाठवतो. ऑगस्टची सुरुवात. आमच्या घरात कृष्णा शिरली तेव्हा इथे याच बायका कावेरीचे डोहाळे पुरवत असणार. पुरानंतर तीन वर्षं मी कृष्णामाईची ओटी भरली नव्हती. घाटावर जायचे, लांबून नमस्कार करायचे आणि परत फिरायचे. इतका राग मी नदीवर धरला होता, हे मला त्या वाऱ्यात उभं राहून कळलं. आणि तो सगळा नदीवरचाच होता असंही नाही.

उतरताना मी तायुमानवराच्या देवळात पुन्हा गेले. घड न्यायला माझ्या खांद्यात बळ नव्हतं, मी एक फणी विकत घेतली होती. पुजाऱ्यानं नाव विचारलं. मी काकूंचं नाव सांगितलं. गोत्र मला माहीत नव्हतं.

पुण्याला आल्यावर भस्माची पुडी आणि प्रसादातली दोन केळी घेऊन त्यांच्याकडे गेले. नात आधीच तिथे होती, खिडकीत बसून चित्रं रंगवत होती. काकूंनी पुडी कपाळाला लावली आणि विचारलं, "कुठला प्रसाद, ताई?" मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. पूर, गाठोडं, दोन आया. सांगताना मध्ये आवंढा आला तेव्हा त्यांनी माझा हात धरला. मग मी विचारलं, जे साडेतीन वर्षांत विचारलं नव्हतं. त्या रात्री काय झालं?

त्या बराच वेळ गप्प होत्या.

"मला बाई काही येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आंघोळ घालायचं तर सिस्टरांनी शिकवलं. त्या रात्री मी काही केलं नाही. ती डोळे मिटून सारखी 'आई, आई' करायची. कुणीतरी ओ द्यायला नको का? मी ओ देत होते."

नातीनं केळं सोलून मागितलं. काकूंनी ते माझ्या हातात दिलं.